जामखेडच्या बाया आणि एक सरकारी शब्द

पणजीच्या जुन्या वैद्यकीय शाळेबद्दल आपण गोमंतकीय अभिमानाने बोलतो, आणि तो अभिमान खोटा नाही. १८४२ मध्ये ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ सुरू झाली, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्याही तीन वर्षे आधी. तिथून शिकून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला, तिमोर असे लांब लांब गेले. पण त्यांची गोष्ट सांगताना एक भाग आपण सहसा गाळतो. या शाळेची पदवी साम्राज्यात दुय्यम समजली जायची. खुद्द पोर्तुगालात वैद्यकी करायची तर तिथल्या शाळेत पुन्हा अभ्यास करावा लागे. वसाहतीत चालणारा डॉक्टर राजधानीत चालत नसे. काम पूर्ण घ्यायचे आणि दर्जा अर्धा द्यायचा, ही युक्ती जुनीच आहे. ती पुढे या लेखात पुन्हा भेटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणि या शाळेत कोण जात होते? बहुतांशी वरच्या, जमीनजुमला असलेल्या घरांतले मुलगे. त्याच काळात गावातली बाळंतपणे करत होती ती वयजीण. ती कुठल्या शाळेत गेली नाही आणि कुठलीही शाळा तिच्यापर्यंत आली नाही. वैद्यक शिकलेला माणूस आणि गावात प्रत्यक्ष हात लावणारी बाई, यांच्यामधले हे अंतर गोव्यापुरतेच होते असे नाही. साऱ्या हिंदुस्थानात ते होते, आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर आपल्या धुरिणांनी ते कमी करण्याऐवजी थोडे वाढवलेच, असे माझे मत आहे.

१९४६ चा भोर समितीचा अहवाल आपल्या आरोग्यव्यवस्थेचा पाया मानला जातो. सर जोसेफ भोर यांच्या त्या समितीने पुष्कळ चांगल्या गोष्टी सांगितल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना तिथलीच. पण त्या वेळी देशात दोन तऱ्हेचे डॉक्टर तयार होत होते, एक पदवीधर आणि दुसरे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले ‘लायसेन्शिएट’. समितीने म्हटले, यापुढे एकच प्रतीचा डॉक्टर हवा, पदवीधर. काही सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला, पण तो मागे पडला. हेतू उदात्त होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, असा तो विचार. परिणाम मात्र असा झाला की पदवीधर डॉक्टर शहरात राहिला आणि खेड्याला दुय्यमही मिळाला नाही.

ही कोंडी फोडण्याचे देशात जे थोडे खरे प्रयत्न झाले, त्यांतला सर्वांत धीट प्रयत्न जामखेडला झाला. गोव्यातल्या वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकलेही नसेल. अहमदनगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर) हा दुष्काळी तालुका मराठवाड्याच्या सीमेला टेकलेला आहे. पाऊस कमी, ऊसतोडीला जाणारी माणसे फार. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी तिथे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लग्नानंतर नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन इस्पितळात त्यांनी काही वर्षे काम केले होते. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. तेच रुग्ण त्याच आजारांनी पुन्हा पुन्हा येत होते. इस्पितळ भरलेले असायचे आणि गाव होता तसाच आजारी. मग अमेरिकेला जाऊन त्यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि परत येऊन मुद्दाम गरीब तालुका निवडला. पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत थाटला.

त्यांची पहिली योजना पुस्तकी होती आणि ती फसली. शिकलेल्या नर्स, म्हणजे प्रशिक्षित सहायक परिचारिका गावोगाव ठेवायच्या, असे ठरले होते. कागदावर यात काही चूक नव्हती. पण नर्स म्हणजे विशीतली, बहुधा अविवाहित, बाहेरगावची मुलगी. तिला राहायला धड खोली नाही, रात्री सोबत नाही. चार बाळंतपणे झालेल्या बाईला ती बाळंतपणाबद्दल काय सांगणार? आणि सांगितले तरी ऐकणार कोण? गावाला ती ‘सरकारी बाई’ वाटायची, तिला गाव म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. खेड्यात कर्मचारी टिकत नाहीत म्हणून आपण सगळे तक्रार करतो. त्यांच्या जागी आपली मुलगी असती तर तिची बदली करून घ्यायला आपणही खटपट केली असती, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

आता या फसलेल्या योजनेतून पुढे काय निघाले ते सांगायचे, तर आधी दुष्काळाची हकिकत सांगायला हवी. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांच्या अजून बोलण्यात येतो. त्या वर्षांत आरोळ्यांच्या लक्षात आले की लोकांना आधी औषध नको आहे, पाणी आणि भाकरी हवी आहे. मग कूपनलिका खोदण्याचे काम सुरू झाले. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसतील अशी व्यवस्था त्यांनी जाणून बुजून केली. पाणी हवे तर वरच्या आळीच्या बायकांना खालच्या आळीत यावे लागले. कुणी भाषण केले नाही, मोर्चा काढला नाही. घागर घेऊन रांगेत उभे राहता राहता काही गोष्टी आपोआप सैल झाल्या. गावागावांत शेतकऱ्यांची मंडळे झाली, पुढे महिला मंडळे झाली. गाव थोडा बोलता झाल्यावरच पुढचे पाऊल शक्य झाले.

ते पाऊल असे. बाहेरची नर्स टिकत नाही, तर गावातलीच बाई का नको? गावाने स्वतः निवडलेली, मध्यम वयाची, लेकुरवाळी, जिचे ऐकले जाईल अशी. शिक्षणाची अट नाही. अट ठेवली असती तर बाई मिळालीच नसती, कारण त्या गावांत शिकलेल्या बायका जवळजवळ नव्हत्या. निवडून आलेल्यांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली, पुष्कळशा दलित.

इथे जरा थांबायला हवे, कारण ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. खेड्यात बाळंतपण करणारी बाई पुष्कळ ठिकाणी दलितच असायची. म्हणजे तिने हात लावणे ही नवी गोष्ट नव्हती. पण तो हात लावण्याचा हक्क नव्हता, ते विटाळाचे काम तिच्या वाट्याला टाकलेले होते. नाळ कापायची, घाण उचलायची, आणि विटाळ फिटला की उंबऱ्याबाहेर. जामखेडला जे घडले ते वेगळे होते. तीच बाई आता धडधाकट पोराचे वजन घ्यायला दिवसाउजेडी घरात येऊ लागली. पाण्याचा हंडा झाकलेला आहे का ते पाहू लागली, काय शिजवता ते विचारू लागली. विटाळाच्या वेळी चालणारा हात आता स्वयंपाकघरापर्यंत आला. पहिल्या दिवशी कुणी स्वागत केले असेल असे समजू नका. दारे बंद झाली, टोमणे मारले गेले. पण एखाद्या घरातले जुलाबाने सुकत चाललेले पोर मीठ-साखरेच्या पाण्याने तिच्या हातून वाचले की त्या घराचे दार उघडायचे, आणि मग शेजारचे.

शिकवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सहा महिन्यांचा कोर्स, प्रमाणपत्र आणि निरोप, असे तिथे नव्हते. बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या. एकत्र जेवायच्या, एका छपराखाली झोपायच्या, गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते एकमेकींना सांगायच्या. कुणाच्या गावात ताप, कुणाकडे अडलेली बाळंतीण, कुठे सासू पथ्याच्या नावाखाली सुनेला उपाशी ठेवते आहे. त्या हकिकतीवरच धडा उभा राहायचा. पुस्तक वाचता येत नसल्याने सगळे गाण्यांतून, चित्रांतून, पाठांतरातून. ओव्या पाठ असलेल्या बाईला लसींचे वेळापत्रक पाठ करणे अवघड का जावे? हे एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे चालले. सगळे आधी शिकून घ्यायचे आणि जन्मभर पुरवायचे, हा आपला पांढरपेशा हिशेब. या बायांचे शिक्षण कधी संपलेच नाही.

आणि त्या काय शिकल्या? ऐकायला साध्या गोष्टी. नाळ विळ्याने कापायची नाही, उकळलेल्या पात्याने कापायची. बाळाला पहिले चिकाचे दूध द्यायचे, फेकायचे नाही. गर्भारपणी कमी खाल्ले तर बाळंतपण सोपे होते हा समज काढून टाकायचा. अंगावरचा बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो, तो औषधाने बरा होतो, त्या माणसाला गावाबाहेर काढायचे नाही. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काय आहे ते ओळखून वेळेत जामखेडला पाठवायचे. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या बाईच्या पाठीशी एक चालते इस्पितळ होते. तिने पाठवलेल्या रुग्णाला तिथे परत पाठवत नसत, आणि तिला ‘तू कोण?’ असे विचारत नसत. बाईची पत तिच्या ज्ञानावर उभी होती तशीच या आधारावरही.

आकडे सांगायचे तर प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हे प्रमाण ५२ वर आले आणि १९९६ पर्यंत २६ वर. यात पाण्याचा, अन्नाचा, रस्त्यांचाही वाटा आहे, सगळे श्रेय एका पिशवीला देऊ नये. पण पहिल्या पाचच वर्षांत झालेली घट पाहिली की त्या बायांनी काय केले ते कळते. जवळके गावच्या सरूबाई साळवे यांनी पाचशेहून अधिक बाळंतपणे केली, आणि ‘नॅशनल जिओग्राफिक’ने २००८ मध्ये त्यांच्यावर लिहिले. मुक्ताबाई पोळ तर १९८८ मध्ये वॉशिंग्टनला गेल्या. तिथल्या परिषदेत त्यांनी छतावरच्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवले. मग दोन साध्या वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावरून दुसरा लावला. वरचा महागडा दिवा सुंदर आहे खरा, पण त्याच्यावरून दुसरा दिवा लावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृह उठून उभे राहिले असेल तर नवल नाही. ही उपमा कुठल्या सल्लागाराने लिहून दिलेली नव्हती, दिवेलागणीला रोज हात गुंतलेल्या बाईची होती.

जगाने दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले, १९७८ च्या अल्मा-आता परिषदेत ‘प्राथमिक आरोग्य’ हा शब्द जगभर पोचला, १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे तर बाहेरचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला या बाया उभ्या राहू लागल्या.

आता पैशाची गोष्ट. ती टाळून हा इतिहास लिहिला तर तो आरतीसारखा होईल. या बायांना आरोळ्यांनी नियमित पगार दिला नाही. त्यांची भूमिका अशी की पगार जो देतो त्याचे माणूस ऐकते. बाई गावाला बांधील राहायला हवी, संस्थेला नव्हे. त्याऐवजी कर्ज मिळवून देणे, शेळी, दुकान, बांगड्या अशा जोडधंद्याला हात देणे, हे झाले. त्यातून पुष्कळ जणी सावरल्या, काहींनी जमीन घेतली, पोरे शिकवली. ही भूमिका मला समजते, पण पूर्ण पटत नाही. डॉक्टरने पगार घेतला तर त्याची सेवा कमी होत नाही. मग बाईनेच का फुकट करावे? मात्र एवढे कबूल करायला हवे की जामखेडला पगार नव्हता तरी बाकीचे बरेच होते. दर आठवड्याची शाळा होती, पाठीशी इस्पितळ होते, कर्ज होते, गावातला मान होता. पगाराची उणीव या चार खांबांवर पेललेली होती.

सरकारने नक्कल केली तेव्हा खांब सोडले आणि उणीव तेवढी उचलली.

२ ऑक्टोबर १९७७ ला, जनता पक्षाच्या राजवटीत, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, दर हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमायची योजना देशभर सुरू झाली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात महिना २०० रुपये, आणि नंतर महिना ५० रुपये मानधन व ५० रुपयांची औषधे. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. सरपंचाचा पुतण्या, पुढाऱ्याचा कार्यकर्ता, कुठे कुठे सुई टोचून पैसे कमवायचा परवाना मिळाल्यासारखे वागणारे. दर आठवड्याची शाळा नाही, पाठवलेल्या रुग्णाची आरोग्य केंद्रात कुणी दखल घेत नाही.

या योजनेच्या नावाचा प्रवास पाहा. आधी ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’. मग ‘वर्कर’ म्हटले की वेतन, संघटना, हक्क असे सगळे मागोमाग येते हे लक्षात आल्यावर ‘कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटियर’. आणि १९८१ पासून ‘व्हिलेज हेल्थ गाइड’. माणूस तोच, पिशवी तीच, पन्नास रुपये तेच. आम्हा कारकुनांना या नामकरणाचे मर्म पटकन कळते. वेतन आणि मानधन हे कागदावर शेजारी शेजारी बसणारे शब्द आहेत, पण वेतनाच्या मागे रजा येते, महागाई भत्ता येतो, निवृत्तिवेतन येते. मानधनाच्या मागे नुसती पावती येते. फाइलवर ‘मान’ हा शब्द दिसला की समजावे, इथे पैसा कमी पडतो आहे.

मधल्या काळात इतरत्रही प्रयत्न होत राहिले. जे. जे. इस्पितळातले नामांकित प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबागजवळ मांडव्याला गावच्या बायांना शिकवले. काम जमले, पण स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध झाला आणि ते थांबले. आडाणी बाई औषध द्यायला लागली की कुणाचे तरी दुकान बसते, हेही लक्षात ठेवायला हवे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने ते छापले. न्यूमोनिया झालेल्या बाळाला औषध देणारी बाई सातवी-आठवी शिकलेली असू शकते, ही गोष्ट तोपर्यंत अनेक तज्ज्ञांना थट्टेची वाटत होती.

छत्तीसगडने २००२ मध्ये ‘मितानिन’ आणली, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ आली. या वेळी सरकारने दोन धडे बरोबर घेतले. बाईच असेल, आणि त्याच गावची असेल. तिसरा धडा मात्र गाळला. आशा ही कर्मचारी नाही. महाराष्ट्राच्या कागदांवर तिचे नाव ‘आशा स्वयंसेविका’ असेच आहे. तिला कामागणिक मोबदला मिळतो. गर्भवतीला इस्पितळात नेले तर इतके, लसीकरण पूर्ण झाले तर इतके. पुढे दरमहा ठरावीक रक्कम सुरू झाली, ती केंद्राने २०१८ मध्ये हजाराची दोन हजार केली, काही राज्यांनी त्यात स्वतःची भर घातली. काही राज्यांनी आशांना परिचारिकेच्या शिक्षणात प्राधान्य दिले, आणि ही मला या साऱ्या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. कारण गावच्या बाईला आरोग्याच्या कामात आणायचे म्हणजे फक्त पहिल्या पायरीवर उभे करायचे नव्हे. पहिली पायरी हीच शेवटची असेल तर तिला जिना म्हणता येत नाही.

करोनाच्या काळात घरोघर जाऊन ताप मोजणारी बाई आशाच होती. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. त्यांच्या तक्रारीत एक साधी गोष्ट होती, काम दिवसभराचे आणि मोबदला स्वयंसेवेचा. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या साऱ्या आशांचा मिळून गौरव केला. गौरव ठीकच आहे, पण मला त्याच्या महिनाभर आधीची बातमी जास्त मोलाची वाटली. वर्तमानपत्रात ती आतल्या पानावर होती.

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या दाव्यात निकाल दिला. सरकारचे म्हणणे, यांना आम्ही वेतन देत नाही, मानधन देतो, म्हणून १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होत नाही. न्यायालयाने ते मानले नाही. कामाच्या बदल्यात दिलेली रक्कम, तिला मानधन म्हणा की आणखी काही, त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे ठरवून ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. अंगणवाडी १९७५ पासूनची, म्हणजे या एका शब्दाचा उलगडा व्हायला सत्तेचाळीस वर्षे लागली. निकाल अंगणवाडीपुरता आहे, आशांचे नाव त्यात नाही.